तामोरी : साडेएकतीस वर्षं, रोज दुपारी बारा वाजता

निशिकासाईकर (धागाकर्ता)

2012 साली कंपनीने टोकियोला पाठवलं तेव्हा ऑफिस शिंबाशीला होतं. दुपारी जेवायला आम्ही गल्लीतल्या एका छोट्या खाणावळीत जायचो. सात-आठ खुर्च्या, गल्ल्यावर म्हातारी, आत भाजलेल्या मासळीचा वास, आणि फ्रिजवर ठेवलेला टीव्ही. बारा वाजले की टीव्हीवर काळा चष्मा घातलेला, केस चापून मागे फिरवलेला एक माणूस यायचा. समोरच्या प्रेक्षकांना सहज म्हणायचा, "आज गरम होतंय." सगळा स्टुडिओ एका सुरात ओरडायचा, "सो देसु ने!" म्हणजे, "हो ना!" तो पुढचं काहीतरी साधंच वाक्य बोलायचा. पुन्हा, "सो देसु ने!" खाणावळीतलं कुणी मान वर करून पाहायचं नाही, पण सगळ्यांचे कान तिकडे असायचे. एकदा म्हातारीने मला सुट्टे पैसे परत देता देता टीव्हीकडे न बघताच तोंडातल्या तोंडात "सो देसु ने" म्हटलं, आणि मला वाटलं, हा माणूस कोण आहे ते आता कळलंच पाहिजे.

तो तामोरी. खरं नाव मोरिता काझुयोशी. जन्म 22 ऑगस्ट 1945, फुकुओका. जपानने शरणागती जाहीर केल्यानंतर बरोबर आठवड्याने. लहानपणी अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, म्हणून तो चष्मा. कार्यक्रमाचं नाव 'वारात्ते ईतोमो!'. फुजी टीव्हीवर सोमवार ते शुक्रवार, शिंजुकू स्टेशनच्या पूर्व दारासमोरच्या स्टुडिओ आल्तामधून थेट. 4 ऑक्टोबर 1982 ला सुरू झाला, 31 मार्च 2014 ला संपला. 8,054 भाग. एकाच सूत्रसंचालकाने सर्वाधिक वेळा चालवलेला थेट कार्यक्रम म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे.

आकडे कुठेही मिळतील. हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. या माणसाने तिशीपर्यंत टीव्हीवर तोंड दाखवलं नव्हतं आणि तो कुणा विनोदवीराचा शागीर्दही नव्हता. जपानमध्ये या धंद्यात एकतर गुरूच्या घरी राबून वर येतात, नाहीतर एजन्सीच्या शाळेतून. तामोरी यातलं काहीच न करता आला, तो एका हॉटेलच्या खोलीतून. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

1972 च्या सुमारास फुकुओकात जॅझचा कार्यक्रम होता. पियानोवादक यामाशिता योसुके आणि त्याचे साथीदार कार्यक्रमानंतर हॉटेलच्या खोलीत दारू पिऊन धिंगाणा घालत होते. सॅक्सोफोन वाजवणारा नाकामुरा सेइइची डोक्यावर टोपली घालून नाचत होता. तामोरी त्याच हॉटेलात दुसऱ्या मित्रांकडे आला होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी निघाला, तर कॉरिडॉरमध्ये हा गोंगाट, आणि दार उघडं. तो सरळ आत शिरला, नाकामुराच्या डोक्यावरची टोपली काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि नाचायला लागला. नाकामुराने खोट्या कोरियन भाषेत त्याला झापलं. याने त्याहून अस्सल वाटणाऱ्या खोट्या कोरियनमध्ये उत्तर दिलं. मग भाषा बदलत बदलत भांडण रंगलं. एकही शब्द खरा नाही, पण ठेका, चढउतार, चिडणं सगळं खरं. पहाटे "मी मोरिता" एवढं सांगून पठ्ठ्या निघून गेला.

यामाशिताला राहवेना. पुढे फुकुओकातल्या जॅझ कॅफेंमध्ये "इथे मोरिता नावाचा कुणी आहे का?" असं विचारत त्याने याला शोधून काढलं. शिंजुकूच्या एका छोट्या बारमधल्या नेहमीच्या मंडळींनी वर्गणी काढून त्याला टोकियोला बोलावलं. 1975 चं साल. त्या बारमध्ये तेव्हाचे प्रख्यात मांगा-चित्रकार (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) आकात्सुका फुजिओ यायचे. त्यांनी याचं काम पाहिलं आणि म्हणाले, परत जाऊ नकोस, माझ्या घरी राहा. मेजिरोमधला स्वतःचा फ्लॅट दिला. कपाटातले कपडे, फ्रिजमधली बिअर, गाडी, सगळं. तामोरीला वाटलं, यांचं आणखी एक घर असणार. आकात्सुका मात्र स्वतःच्या कामाच्या जागेत कशीबशी पाठ टेकत होते. याला ते बरंच नंतर कळलं.

पुढचं सगळं तिथून आलं. त्याच वर्षी आकात्सुकांच्या टीव्ही कार्यक्रमात पहिलं दर्शन, 1976 च्या ऑक्टोबरपासून 'ऑल नाइट निप्पॉन' हा रात्रीचा रेडिओ कार्यक्रम, आणि 1982 मध्ये तो दुपारचा. तेव्हा तामोरी म्हणजे रात्री उशिरा पाहायचा माणूस. सरडा होऊन रांगणारा, बनावट भाषा बोलणारा. त्याला घरोघरी जेवणाच्या वेळी बसवायचं हा फुजी टीव्हीचे निर्माते योकोझावा ताकेशी यांचा निर्णय. धाडसच म्हणायचं.

तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, जपानात राहून गेलं असेल, तर लिहा.

---

मारूबिहाग

फार छान लिहिलंत. मी जॅझच्या वाटेने या माणसापर्यंत पोचलो, म्हणून थोडी भर.

'तामोरी' हे मोरिता उलटं करून झालेलं नाव. जपानी जॅझवाल्यांना शब्द उलटे करून बोलायची सवय होती. हा वासेदा विद्यापीठाच्या मॉडर्न जॅझ क्लबात ट्रम्पेट वाजवायचा. तिथल्या वरिष्ठांनी त्याला ऐकवलं होतं की माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट रडतो, तुझा हसतो. मग वाजवणं सोडून क्लबचे कार्यक्रम ठरवणं आणि रंगमंचावर निवेदन करणं हे काम त्याच्याकडे आलं. म्हणजे सूत्रसंचालक तो तिथेच झाला. पुढे विद्यापीठाची फी थकल्याने नाव कमी झालं, गावी परतला. विमा विकला, ओइता प्रांतात बोलिंगचं केंद्र सांभाळलं, कॅफेत काम केलं.

हॉटेलच्या खोलीतल्या प्रसंगाकडे मी फ्री जॅझ, म्हणजे आधी काही न ठरवता वाजवायचा जॅझ, म्हणून पाहतो. यामाशिताचं त्रिकूट तेच वाजवायचं. समोरच्याने एक तुकडा फेकला की तो झेलायचा, त्याच्यापेक्षा थोडं पुढे न्यायचं, परत द्यायचं. आपल्याकडे सवाल-जवाबात होतं तसं. नाकामुराने खोटी कोरियन फेकली, याने झेलली. अनोळखी माणसाच्या डोक्यावरची टोपली काढताना त्याला खात्री होती की हे लोक जागा देतील. आणि त्यांनी दिली. मला यात यामाशिता आणि मंडळीही तितकीच मोठी वाटतात. पहाटे खोलीत घुसलेल्या परक्याला हाकलून देणं किती सोपं होतं!

---

शब्दवेडी

लेख आवडला, पण एका गोष्टीवर अडले. मी पुण्यात जपानी शिकवते. तामोरीचा तो 'चार देशांचा माहजाँग' वर्गात कुणीतरी लावला होता. चार देशांचे चार लोक माहजाँग (सोंगट्यांचा चिनी खेळ) खेळतात, एकजण लबाडी करतो, भांडण होतं, आणि चौघांची 'भाषा' हा एकटाच बोलतो. वर्ग हसला. मला हसू येईना. कोरियन किंवा चिनी माणसाने ते ऐकलं तर त्याला काय वाटेल? कोरियावर जपानची 35 वर्षं सत्ता होती. त्या भाषेची नक्कल टोकियोच्या बारमध्ये करणं आणि आपण इकडे दाक्षिणात्य भाषांची 'अंडू गुंडू' म्हणून टवाळी करणं यात मला फार फरक दिसत नाही. ती टवाळी माझ्या कन्नड मैत्रिणीच्या चेहऱ्यावर काय करते ते मी पाहिलंय.

---

निशिकासाईकर (धागाकर्ता)

@शब्दवेडी, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो टाळून या माणसाबद्दल लिहिणं बरोबर नाही. त्याची सुरुवातीची करमणूक बोचरी होती. परदेशी भाषाच नव्हे, जपानातल्या गावांनाही त्याने सोडलं नाही. सैतामा प्रांताला 'दासाइतामा' म्हणजे गावंढळ सैतामा हे नाव चिकटलं त्यात त्याचा वाटा आहे. नागोयाच्या बोलीवर तर तो तुटून पडला होता. तिथले लोक तळलेल्या कोळंबीला 'एबी फुराई' न म्हणता 'एबी फुर्या' म्हणतात असं तो ठसक्यात सांगायचा. नागोयाचे लोक चिडले. आणि मग त्याच नागोयाने तळलेली कोळंबी आपली खासियत म्हणून हॉटेलांच्या पाट्यांवर चढवली. आज नागोयाला गेलात तर हातभर लांब कोळंबी ताटात उभी करून देतात.

नागोयाने ते पचवलं कारण ते बरोबरीचं शहर आहे. 1970 च्या दशकात जपानात राहणाऱ्या कोरियन माणसाची स्थिती तशी नव्हती. तिथे तुमचंच म्हणणं खरं.

मला एवढंच दिसतं की दुपारच्या कार्यक्रमात आल्यावर त्याने हे हत्यार हळूहळू खाली ठेवलं. नक्कल करणारा माणूस ऐकणारा झाला. हा बदल मला त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा वाटतो.

---

तात्या सातारकर

मी जपानला गेलेलो नाही, पण यूट्यूबवर बरंच पाहतो. स्पष्ट बोलतो, राग नसावा. तामोरी, बीट ताकेशी आणि आकाशिया सान्मा या तिघांना तिकडे 'बिग थ्री' म्हणतात. ताकेशीने सिनेमे काढले, व्हेनिसला गोल्डन लायन मिळवला. सान्मा बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही, प्रत्येक वाक्यावर हशा. तामोरी काय करतो? उभा राहतो. पाहुण्याला विचारतो, "केस कापलेस का?" एवढ्यावर साडेएकतीस वर्षं? मला यात कर्तृत्वापेक्षा चिकटून राहणं जास्त दिसतं.

---

निशिकासाईकर (धागाकर्ता)

@तात्या, राग कसला! हाच प्रश्न मला पहिली दोन वर्षं पडलेला होता.

'केस कापलेस का?' घ्या. 'म्युझिक स्टेशन' हा टीव्ही आसाहीचा शुक्रवार रात्रीचा थेट गाण्यांचा कार्यक्रम, तामोरी तिथे 1987 च्या एप्रिलपासून आहे. त्यासाठीही गिनीजमध्ये नोंद झाली. समोर सतरा-अठरा वर्षांची पहिल्यांदा थेट प्रक्षेपणात आलेली मुलगी बसलेली असते. तिला पाच मिनिटांत गायचंय, हात थरथरताहेत. तिला गाण्याचा अर्थ विचारला तर पाठ केलेलं उत्तर येईल. केस कापलेस का विचारलं तर ती नकळत केसांना हात लावते, हसते, आणि खरं काहीतरी बोलते. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता मला तो प्रश्न फार विचार करून घडवलेला वाटतो.

दुपारच्या कार्यक्रमात 'टेलिफोन शॉकिंग' नावाचा भाग होता. आजचा पाहुणा उद्याच्या पाहुण्याला स्टुडिओतूनच फोन लावायचा. येणार का? "ईतोमो!" म्हणजे "हो, चालेल की!" अशी मित्रांची साखळी. तामोरीला इतो त्सुकासा नावाची गायिका-अभिनेत्री आवडायची, मित्रामित्रांतून तिच्यापर्यंत पोचायचं ही मूळ कल्पना. ती येऊन गेली तरी साखळी चालूच राहिली. पुढे त्यात आणखी एक खेळ आला. पाहुण्याने प्रेक्षकांतल्या 100 जणांना एक प्रश्न विचारायचा, ज्यांना लागू असेल त्यांनी बटण दाबायचं. बरोबर एकाच माणसाने दाबलं तर पाहुण्याला तामोरीची छोटी बाहुली लावलेला मोबाइलचा पट्टा बक्षीस. बक्षीस एवढंसंच, पण मोठमोठे नट ते मिळावं म्हणून जीव टाकायचे.

या सगळ्यात तामोरी अर्ध पाऊल मागे उभा असायचा. रोज थेट, रोज नवा माणूस, आठवड्याचे पाच दिवस. सान्माच्या तऱ्हेने रोज बोललं तर पाहणारा वर्षभरात थकेल, जेवताना तर नक्कीच. दुपारचं जेवण मोडू न देता घरात येणारा पाहुणा व्हायचं, ही वेगळी विद्या आहे. शेवटच्या महिन्यात, 21 मार्च 2014 ला, पंतप्रधान आबे शिंझो त्याच खुर्चीत येऊन बसले. शेवटच्या दिवशीचा पाहुणा बीट ताकेशी.

आणि 31 मार्चच्या त्या रात्रीचा विशेष कार्यक्रम शोधून पाहाच. सान्मा, आणि डाउनटाउन, टनेल्स, उच्चान-नानचान, बाकुशो मोंदाई, नाइन्टी-नाइन या विनोदवीरांच्या जोड्या, सगळे एका रंगमंचावर. यातले काही जण एकत्र दिसणार नाहीत असंच प्रेक्षक धरून चालले होते. ते एकमेकांना ढकलत, ओरडत, जागा अडवत होते. तामोरी कडेला उभा राहून हसत होता. कडेला उभं राहणाऱ्यासाठीच ते सगळे आले होते.

---

फुकुओकाची सून

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, बरीच वर्षं नुसतं वाचत होते. मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन चौदा वर्षं फुकुओकात. सासूबाई तामोरीपेक्षा दोन वर्षांनी लहान. इकडे त्याला घरचा मुलगा मानतात.

मला जपानी नीट यायला लागलं तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून एक चित्रफीत लावून दिली. आकात्सुका फुजिओ 2 ऑगस्ट 2008 ला गेले. 7 ऑगस्टच्या अंत्यविधीत तामोरीने केलेलं भाषण. काळा सूट, हातात घडी उलगडलेला कागद, जवळजवळ आठ मिनिटं त्याकडे बघत बोलतो. जरासुद्धा अडखळत नाही. आणि कॅमेऱ्यात दिसतं की कागद कोरा आहे.

त्यात तो म्हणतो की तुमच्या हयातीत मी एकदाही तुमचे आभार मानले नाहीत. आपलं नातं रक्ताच्या नात्याहून जवळचं होतं, आणि आभार मानताना जो परकेपणा येतो तो मला सोसवत नव्हता. सासूबाईंनी इथे थांबवून मला विचारलं, हे तुला समजतं का? इकडे तर उठता-बसता धन्यवाद म्हणतात. मी म्हटलं, आई, मला हे तुमच्यापेक्षा लवकर समजलं. आमच्याकडे आईला थँक्यू म्हटलं तर ती विचारते, "काय गं, परकी झाले का?" मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शेवटचं वाक्य सगळ्या जपानला पाठ आहे. "मीसुद्धा तुमच्या असंख्य कलाकृतींपैकी एक आहे."

अजून एक. 28 डिसेंबर 2022 ला तो 'तेत्सुको नो हेया'मध्ये आला होता. कुरोयानागी तेत्सुको बाईंची ती मुलाखतमाला, वर्षअखेरीचा पाहुणा म्हणून तो तिथे कित्येक वर्षं यायचा. बाईंनी विचारलं, पुढचं वर्ष कसं असेल? तो म्हणाला, "नवं युद्धपूर्व साल होईल, नाही का?" स्वयंपाकघरात भांडं पडल्यासारखी शांतता झाली आमच्या घरी. 'युद्धोत्तर' हा शब्द इथे आयुष्यभर ऐकलेला असतो. 'युद्धपूर्व' कुणी म्हणत नाही. आणि म्हणतो कोण, तर 1945 च्या ऑगस्टमध्ये जन्मलेला, दुपारी हवापाण्याच्या गप्पा मारणारा माणूस. सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि वडिलांचा फोटो पुसायला घेतला.

---

शब्दवेडी

@फुकुओकाची सून, लिहीत राहा हो. कोऱ्या कागदाचं मला माहीत नव्हतं. आज वर्गात हे भाषण ऐकवलं. आदरार्थी रूपं इतकी नेमकी, आणि एकही वाक्य पुस्तकी नाही. 'तानिन-ग्योगी' म्हणजे परक्यासारखं वागणं, हा शब्द शिकवायला याहून चांगला उतारा मिळणार नाही. माहजाँगबद्दलचं माझं मत कायम आहे, पण माणूस त्यापेक्षा मोठा आहे हेही मान्य.

---

काळा पाषाण

भूगर्भशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे माझा तामोरी वेगळा. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीचा 'बुरा तामोरी'. 2008 मध्ये प्रायोगिक, नंतर नियमित, 2015 पासून देशभर फिरून, मध्ये एक खंड पडला आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू. कल्पना अशी की हा एखाद्या गावात पायी हिंडतो, स्थानिक तज्ज्ञ भेटतात आणि विचारतात, इथे रस्ता का वळला असेल? हा खाली बघतो, दगड बघतो, उतार बघतो आणि बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो. तज्ज्ञांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. आयुष्यभर ज्या थराचा अभ्यास केला तो कुणीतरी ओळखला! तिकडच्या भूवैज्ञानिक संघटनेने या कार्यक्रमाच्या चमूचा सन्मान केला तेव्हा मला काही आश्चर्य वाटलं नाही.

हा माणूस चढ-उतारांचा वेडा आहे. 'जपान उतार-अभ्यास मंडळ' अशी संस्था मित्राबरोबर काढली, स्वतः उपाध्यक्ष, आणि टोकियोच्या उतारांवर पुस्तकही लिहिलं. उतार का? कारण शहरात माती-डांबराखाली जमीन लपलेली असते, उतारावर ती उघडी पडते. टोकियोचा पश्चिम भाग म्हणजे फुजी आणि हाकोनेच्या ज्वालामुखींच्या राखेने झाकलेलं पठार. ओढ्यांनी ते चिरलं. पठार जिथे संपतं तिथे उतार. आम्ही सह्याद्रीत बेसॉल्टचे थर मोजतो तेव्हा नेमकं हेच करतो, फक्त आमच्याकडे पायऱ्या लाव्हाच्या आहेत आणि दहापट उंच.

आपल्याकडे पुण्याच्या नागझरीवर, आंबिल ओढ्यावर असा कार्यक्रम कुणी केला तर मी फुकट काम करायला तयार आहे.

---

मारूबिहाग

+1. आंबिल ओढ्याचा प्रवाह पेशवाईत वळवला होता, तिथूनच सुरुवात करा.

'तामोरी क्लब' राहिला. तोही 1982 च्या ऑक्टोबरातच सुरू झाला आणि 31 मार्च 2023 पर्यंत शुक्रवारी रात्री उशिरा चालला. स्टुडिओ नाही, कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला उभं राहून "नेहमीचा आपला भटका कार्यक्रम" म्हणत सुरुवात. विषय काय, तर रेल्वेचे रूळ, गटारं, नकाशे. त्यातला 'सोरामिमी अवर' मला फार प्रिय. परदेशी गाण्याचे शब्द जपानी कानाला भलतंच काही ऐकू येतात, ते प्रेक्षक पाठवायचे आणि त्यावर छोटी दृश्यं करायचे. आपण लहानपणी हिंदी गाण्यांचे शब्द चुकीचे ऐकून तेच वर्षानुवर्षं गात असू, तसं.

शेवटच्या भागात निरोपाचं भाषण नव्हतं. तामोरीच्या नावाने इंटरनेटवर फिरणाऱ्या चुकीच्या पाककृती दुरुस्त करत त्याने स्वयंपाक केला.

---

तात्या सातारकर

निशिकासाईकर, 31 मार्चची ती रात्र पाहिली. भाषणही पाहिलं, खाली इंग्रजी अक्षरं होती. चिकटून राहणं हा शब्द मागे घेतो.

एक विचारायचं होतं. शेवटच्या दिवशी तो नेहमीसारखंच "उद्याही बघाल ना?" विचारतो आणि लोक "ईतोमो!" ओरडतात. उद्या तर काहीच नव्हतं. हे ठरवून केलं होतं का?

---

निशिकासाईकर (धागाकर्ता)

@तात्या, ते मला कळायला मार्ग नाही. मी तो भाग निशिकासाईच्या खोलीत एकटाच पाहत होतो आणि मीही "ईतोमो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी, 1 एप्रिलला, खाणावळीत बारा वाजता टीव्हीवर दुसरा कार्यक्रम होता. म्हातारीने आवाज कमी केला, नंतर वाढवला, मग तसाच ठेवला. स्टुडिओ आल्ता जिथे होता ती इमारतही 28 फेब्रुवारी 2025 ला बंद झाली. शेवटच्या आठवड्यात मी समोरच्या चौकात जाऊन उभा राहिलो होतो. मोठ्या पडद्याचे फोटो काढणारे पुष्कळ लोक होते, बरेचसे माझ्यापेक्षा वयाने मोठे.

@काळा पाषाण, तुमच्यामुळे एक आठवलं. मी राहतो त्या एदोगावा वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. 2019 मध्ये वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्यावर आपल्याच वॉर्डावर लिहिलेलं होतं, "इथे थांबू नका." 'बुरा तामोरी' पाहत नसतो तर तो कागद मी रद्दीत टाकला असता. तो अजून दारामागे चिकटवलेला आहे.

नोव्हेंबरात तुम्ही परिषदेला टोकियोत येणार असं मागे लिहिलं होतंत. एक रविवार मोकळा ठेवा. सेंदागी स्टेशनला भेटू, दांगोझाका चढून वर जाऊ, मग खाली उतरून यानाकाच्या 'साप गल्ली'त. रस्ता खरंच सापासारखा वळतो, कारण खाली आइझोमे नावाची नदी झाकलेली आहे आणि तिच्या वळणांवरून आजही दोन वॉर्डांची हद्द जाते. एका हाताच्या घरांचा पत्ता एका वॉर्डाचा, समोरच्यांचा दुसऱ्याचा. फुकुओकाची सून, सासूबाईंना घेऊन येणार असाल तर दांगोझाका सोडू, तो उतार गुडघ्यांना जड जातो, थेट गल्लीच्या तोंडाशी भेटू.

बूट घालून या. पाणी मी आणतो.